धातूची नळी आणि रबरी होज : किट कारमधल्या इंधनवाहिनीचे सांधे

किट कारमध्ये पेट्रोलची टाकी बहुधा मागे असते आणि इंजिन पुढे. टाकीतून निघालेले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचते ते दोन प्रकारच्या वाहिन्यांतून. चॅसीला घट्ट बांधलेली धातूची नळी बरेचसे अंतर पार करते; टाकीजवळ, पंप आणि फिल्टरच्या आसपास आणि शेवटी इंजिनाजवळ मात्र लवचिक होज लागतो. नळी संपून होज सुरू होतो तो सांधा ही या व्यवस्थेतली सर्वांत नाजूक जागा. नीट बांधलेली नळी मधोमध सहसा फुटत नाही. गळती सुरू होते ती सांध्यापाशी, आणि पेट्रोलची गळती म्हणजे आगीला आमंत्रण.

कारखान्यातून आलेल्या मोटारीत हे सांधे कुठे असावेत, कोणत्या मापाचे असावेत, त्यांवर कोणती क्लिप बसावी, हे सारे आधीच ठरलेले आणि तपासलेले असते. किट कारमध्ये ते बांधणाऱ्याला ठरवावे लागते. चॅसी एकीकडून येते, इंजिन दुसऱ्या मोटारीतून काढलेले असते, टाकी तिसऱ्याच मापाची असते, आणि या सगळ्यांना जोडणारी पेट्रोलची वाट जागेवरच बेतावी लागते.

किट कारची परंपरा

किट कारचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे १९५७ साली इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने आणलेली ‘लोटस सेव्हन’. तयार मोटारीवर तिथे खरेदीकर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. त्यामुळे अनेकांनी संच विकत घेऊन मोटार घरीच जोडली. १९७३ मध्ये या मोटारीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. नळ्यांचा हलका सांगाडा, पुढे इंजिन, मागे टाकी आणि मधून जाणारा शाफ्टचा बोगदा हा तिचा घाट जगभर गिरवला गेला.

महाराष्ट्रात हा घाट रायगड जिल्ह्यात दिसतो. अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने फायबरग्लासच्या बॉडीची, लोटस सेव्हनच्या वळणाची ‘रोडस्टर’ तयार केली. तिला इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसा क्लासिकमुळे हे इंजिन भारतीय गॅरेजांच्या ओळखीचे झाले होते. मोटार स्वतः बांधण्याची हौस याहून साध्या रूपातही दिसते. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातले भाग आणि दुचाकीचे इंजिन वापरून छोटी जीप बनवली, तिची बातमी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर पोचली. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी ‘फॉर्म्युला स्टुडंट’ आणि ‘बाजा’ स्पर्धांसाठी दर वर्षी एका जागेची मोटार मुळापासून बांधतात. जुन्या जीप नव्याने उभ्या करणारी गॅरेजे तर गावोगाव आहेत. या प्रत्येक कामात पेट्रोलची वाट नव्याने आखावी लागते.

महाराष्ट्राला लागून असलेला, कर्नाटकातला बीदर-कलबुर्गीचा सीमाभाग अशा कामाची दोन अंगांनी परीक्षा घेतो. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा इंजिनाच्या खोलीतला होज आणि त्यातले पेट्रोल दोन्ही तापतात. काळ्या मातीतले रस्ते पावसाळ्यानंतर खचतात, उन्हाळ्यात धूळ उडवतात. त्यांवर हलक्या मोटारीला सतत हादरे बसतात. उष्णता आणि कंपन हेच इंधनवाहिनीच्या सांध्याचे दोन मोठे शत्रू आहेत.

दोन वाहिन्या कशासाठी

धातूची नळी दगड लागला तरी सहज फाटत नाही, उन्हाने कडक होऊन चिरत नाही आणि तिच्या भिंतीतून पेट्रोलची वाफ झिरपत नाही. रबराचे तसे नाही. उत्तम होजमधूनही काही प्रमाणात वाफ बाहेर पडते आणि काही वर्षांनी तो बदलावाच लागतो. म्हणून लांबचा पल्ला धातूच्या नळीचा.

पण इंजिन चॅसीला थेट जखडलेले नसते. ते रबरी माउंटिंगवर बसते, सुरू होताना झटका देते, गियर टाकताना डोलते आणि चालू असताना सतत थरथरते. टाकीही पट्ट्यांवर टेकलेली असते. चॅसीवरची नळी थेट इंजिनाला जोडली, तर तिच्या टोकाला प्रत्येक फेऱ्याबरोबर ताण बसतो. तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशीच ही नळी शेवटी तडकते. दोन वेगवेगळ्या लयींत हलणाऱ्या भागांमध्ये होज घातला, की ही हालचाल तो पोटात घेतो. होजची लांबी म्हणून मोजून ठरते: हालचाल सामावून घेण्यापुरती ढील हवी, त्याहून जास्त होज नको.

पेट्रोल, वाफ आणि दाब

पेट्रोलला आग लागते ती त्याच्या वाफेमुळे. सुमारे उणे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे जमिनीलगत, गॅरेजच्या खड्ड्यात किंवा मोटारीच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असेल तर एका ठिणगीने भडका उडतो. स्टार्टर मोटर, डायनॅमो, सैल वायर यांपैकी कशाचीही ठिणगी त्याला पुरते.

वाहिनीतला दाब इंजिनाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पंपाचा दाब साधारण ०.२ ते ०.४ बार इतकाच असतो. पेट्रोल इंजेक्शनच्या इंजिनात तो ३ ते ४ बार असतो. आठ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजवर ४ बार दाबामुळे जी ओढ येते ती सुमारे २ किलो वजनाइतकी भरते. आकडा लहान वाटतो, पण ही ओढ अखंड असते आणि तिच्यात इंजिनाची थरथर व उष्णतेने मऊ झालेले रबर यांची भर पडते. कमी दाबाच्या सांध्यातून पेट्रोल थेंब थेंब टपकते. इंजेक्शनच्या सांध्यातून त्याचा बारीक फवारा उडतो आणि तो तापलेल्या एक्झॉस्टपर्यंत पोचू शकतो. जुनी कार्ब्युरेटरची मोटार इंजेक्शनच्या इंजिनावर नेताना म्हणूनच पंपासोबत होज, क्लिपा आणि सांधे असे सगळे बदलावे लागते.

नळी कशाची

मोटारींत सर्वाधिक वापर होतो तो गंजरोधक थर दिलेल्या पोलादी नळीचा. पत्रा दोनदा गुंडाळून झाळलेल्या अशा नळीला ‘बंडी’ नळी म्हणतात. ती स्वस्त आणि मजबूत असते, फ्लेअर करायलाही चांगली. मात्र वरचा थर खरचटला की गंजते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी हाताने वाकवता येते आणि गंजत नाही. स्टेनलेस स्टील टिकाऊ असते, पण वाकवायला आणि फ्लेअर करायला चांगले हत्यार लागते. ॲल्युमिनियम हलके असते, म्हणून शर्यतीच्या मोटारींत दिसते. परंतु ते वारंवार वाकवलेले सहन करत नाही.

फ्रिजच्या दुकानात मिळणारी शुद्ध तांब्याची नळी इथे टाळावी. ती वाकवायला सोपी असते खरी, पण थरथरीने कडक होत जाते आणि कालांतराने फ्लेअरच्या मुळाशी तडकते.

मापाचा गोंधळ इथेच सुरू होतो. बाजारात इंची आणि मेट्रिक अशी दोन्ही मापे मिळतात. ५/१६ इंचाची नळी ७.९ मिलिमीटर भरते, त्यामुळे तिच्यावर ८ मिलिमीटरचा होज नीट बसतो. ३/८ इंचाची नळी मात्र ९.५ मिलिमीटरची असते. तिच्यावर १० मिलिमीटरचा होज घालून क्लिप आवळून चालत नाही, कारण सैल रबर क्लिपखाली सुरकुतते आणि त्या सुरकुतीतून पेट्रोल वाट काढते. नळी आणि होज दोन्हींचे माप कॅलिपरने घेऊनच खरेदी करावी.

होज कोणता

बाहेरून काळे दिसणारे सगळे होज सारखे नसतात. अमेरिकेच्या एसएई संस्थेच्या ‘जे-३०’ या मानकात होजचे वर्ग पाडलेले आहेत. त्यातला ‘आर-७’ हा कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी असतो. ‘आर-९’ हा इंजेक्शनसाठी. त्याच्या आतल्या बाजूस फ्लोरोरबराचा थर असल्यामुळे तो दाब, उष्णता आणि इथेनॉल यांना जास्त दाद देत नाही. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या होजसाठी ‘आर-१०’ लागतो. बाहेरच्या बाजूने पेट्रोल सोसण्याची ताकद साध्या होजमध्ये नसते. वर्ग, माप आणि उत्पादनाची तारीख होजवर छापलेली असते. ज्यावर काहीच छापलेले नाही तो होज पेट्रोलसाठी घेऊ नये.

इथेनॉलमुळे ही निवड अधिक महत्त्वाची झाली आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरू येथे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या ‘ई-२०’ पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि पुढे ते देशभर पोचले. बीदर-कलबुर्गीच्या भागातही होणाऱ्या उसापासून यातले काही इथेनॉल बनते. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते आणि मऊ करते. शिवाय ते हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे साध्या पोलादाला आतून गंज चढतो. जुन्या मोटारीच्या इंजिनाबरोबर आलेला होज पुन्हा वापरण्याचा मोह म्हणून टाळावा, तो दिसायला कितीही चांगला असो.

तालुक्याच्या गावी सहज मिळणाऱ्या काही वस्तू इथे फसवतात. दुचाकीला लावतात ती पारदर्शक प्लास्टिकची नळी काही महिन्यांत पिवळी पडून कडक होते. जेसीबी आणि ट्रॅक्टरचे होज बनवणाऱ्या दुकानात मिळणारा हायड्रॉलिक होज शेकडो बार दाब सोसतो, पण तो तेलासाठी बनवलेला असतो. त्याचे आतले रबर पेट्रोलपुढे टिकेलच असे नाही. रेडिएटरचा होज तर पेट्रोलमध्ये फुगून लिबलिबीत होतो. दाब सोसणे आणि पेट्रोल सोसणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि होजला दोन्ही हवेत.

स्टेनलेसच्या जाळीचा होज रुबाबदार दिसतो. जाळी घासण्यापासून संरक्षण देते, परंतु आतले रबर साधे असेल तर जाळीने ते टिकाऊ होत नाही, उलट त्याला पडलेल्या चिरा झाकल्या जातात. टेफ्लॉनच्या अस्तराचा जाळीदार होज इथेनॉलला उत्तम. मात्र त्याला त्याच्यासाठी बनवलेले फिटिंगच लागते. नळीवर ढकलून क्लिप आवळण्याची रीत त्याला चालत नाही, कारण टेफ्लॉन रबरासारखे दबून नळीला चिकटत नाही.

सांध्याची दोन कामे

प्रत्येक सांध्याला दोन कामे करायची असतात: पेट्रोल बाहेर येऊ द्यायचे नाही आणि होजला निसटू द्यायचे नाही. पहिले काम रबर नळीवर दाबले गेल्याने होते. दुसरे काम नळीच्या आकाराने व्हायला हवे, नुसत्या क्लिपच्या आवळण्याने नव्हे. गुळगुळीत, सरळ टोकाच्या नळीवर होज चढवून क्लिप कितीही आवळली, तरी उष्णतेने रबर मऊ झाले आणि इंजिनाने ओढ दिली की तो हळूहळू सरकू लागतो. या एका गोष्टीवर सांध्याचे सगळे शास्त्र उभे आहे.

सांधा करण्याच्या मुख्य रीती तीन. पहिलीत नळीच्या टोकाजवळ सभोवार उठावाचे कडे काढतात, त्यावरून होज चढवतात आणि कड्याच्या मागे क्लिप आवळतात. दुसरीत नळीच्या टोकाला फ्लेअर करून नट बसवतात आणि होजच्या टोकाला जुळणारे फिटिंग लावून दोन्ही स्क्रूने जोडतात. तिसरी रीत म्हणजे आधुनिक मोटारींतले क्विक कनेक्टर, जे टिचकीसरशी बसतात. याशिवाय दाबपट्टीची रिंग, म्हणजे फेरूल, घातलेले कॉम्प्रेशन फिटिंगही मिळते. पितळी फेरूल पोलादी नळीला फारसे धरत नाही, म्हणून ते कमी दाबाच्या आणि कमी हलणाऱ्या जागीच ठीक. इंजेक्शनच्या दाबासाठी तसे प्रमाणित नसेल तर वापरू नये.

कडे आणि क्लिप

पहिली रीत घरच्या कामासाठी सर्वांत सोयीची. नळी करवतीने कापू नये. करवतीचा कीस आत राहतो आणि टोक वाकडे होते. चाकाच्या पाइप कटरने हळूहळू फिरवत कापावी. कटरमुळे टोक आत वळते, ते रीमरने मोकळे करावे आणि बाहेरची धार कानशीने मोडावी. धारदार टोक होज चढवताना त्याचे आतले अस्तर सोलते. ती साल पुढे फिल्टरमध्ये किंवा इंजेक्टरमध्ये जाऊन अडकते. शेवटी नळीत हवा फुंकून कीस पूर्ण काढावा.

कडे काढण्यासाठी स्वतंत्र हत्यार मिळते. ते नसेल तर ब्रेकच्या नळ्यांसाठी असलेले फ्लेअरिंग टूल उपयोगी पडते. दुहेरी फ्लेअर दोन टप्प्यांत होते. त्यातल्या पहिल्या टप्प्यानंतर नळीचे टोक फुग्यासारखे बाहेर येते. तिथेच थांबले तर होज अडवणारा गोल, गुळगुळीत उठाव मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे योग्य मापाची रिंग नळीवर सरकवून चांगली झाळणे. उठाव सगळीकडून सारखा असावा, त्याला धार नसावी आणि नळीला तडा गेलेला नसावा.

होज चढवताना त्याच्या तोंडाला किंचित पेट्रोल किंवा स्वच्छ इंजिन ऑइल लावले तर पुरते. ग्रीस, सिलिकॉन किंवा सीलंट लावू नये. पेट्रोल त्यांना विरघळवते किंवा त्यांचे तुकडे सुटतात आणि पुढे जाऊन बारीक वाटा बंद करतात. होज नळीवर सुमारे २५ मिलिमीटर चढला पाहिजे. चढवण्यापूर्वी नळीवर तितक्या अंतरावर खूण करून ठेवली, म्हणजे तो पूर्ण बसला की नाही हे डोळ्यांना दिसते. क्लिप आधीच होजवर ओवून ठेवावी, नाहीतर चढवलेला होज पुन्हा काढावा लागतो.

क्लिपची जागा कड्याच्या मागे, म्हणजे कडे आणि होजचे टोक यांच्या मध्ये. ती कड्यावर चढली तर तिरपी होते आणि एका बाजूने सैल राहते. होजच्या अगदी टोकाला लागली तर रबर चिरून बाहेर सरकते, म्हणून टोकापासून तीनेक मिलिमीटर सोडावेत. आवळताना रबर पट्टीच्या कडेशी किंचित उभे राहिले की थांबावे. पट्टी रबरात रुतेपर्यंत आवळणे हे गळतीवरचे औषध नाही. रुतलेली पट्टी आतली वीण कापते आणि होज तिथेच फाटतो. एक क्लिप गळते म्हणून शेजारी दुसरी लावणे हीही तशीच चूक. गळतीचे कारण बहुधा चुकीचे माप किंवा खराब टोक हे असते.

क्लिप कोणती, यालाही महत्त्व आहे. गॅरेजात सगळीकडे दिसणारी, पट्टीला खाचा पाडलेली आणि स्क्रूने आवळली जाणारी क्लिप पाण्याच्या जाड होजसाठी चांगली आहे. बारीक होजवर ती पूर्ण गोल होत नाही, स्क्रूच्या डब्याखाली फट राहते आणि खाचांतून रबर वर येऊन कापले जाते. इंधनासाठी बनवलेल्या क्लिपची पट्टी सलग असते, तिच्या कडा बाहेर वळवलेल्या असतात, ती होजला पूर्ण वेढते आणि नट-बोल्टने आवळली जाते. १९८० च्या दशकापासून चालत आलेल्या ‘फॉर्म्युला एसएई’ या विद्यार्थी स्पर्धेच्या नियमपुस्तकाने नेमकी हीच वैशिष्ट्ये इंधनाच्या क्लिपसाठी सक्तीची केली. नळीच्या टोकाला कडे किंवा काटेरी टोक असलेच पाहिजे, आणि खाचांची स्क्रू-क्लिप इंधनवाहिनीवर चालणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले गेले. हौसेने मोटार बांधणाऱ्यासाठी याहून चांगली कसोटी नाही. कारखाने अनेकदा स्प्रिंगची क्लिप वापरतात. रबर तापून-निवून कमीजास्त झाले तरी तिचा दाब टिकतो, पण तिचे माप होजशी बरोबर जुळावे लागते.

फ्लेअर आणि फिटिंग

जिथे सांधा वेळोवेळी उघडायचा आहे, उदाहरणार्थ फिल्टर किंवा इंजेक्शन रेलपाशी, तिथे फ्लेअरचा सांधा सोयीचा. फ्लेअर म्हणजे नळीचे तोंड शंकूसारखे पसरवणे. ते समोरच्या शंकूवर टेकते आणि नट दोघांना दाबून धरतो. धातूवर धातू बसून सांधा बंद होतो. इथे टेफ्लॉन टेप लावायची नसते. आटे सांधा बंद करत नाहीत, फक्त दाब देतात, आणि टेपचे धागे वाहिनीत जातात.

फ्लेअरचे कोन दोन. मोटारींच्या जुन्या प्रथेत ४५ अंश, तर विमानांतून शर्यतीच्या मोटारींत आलेल्या ‘एएन’ पद्धतीत ३७ अंश. दोन्हींचे आटे काही मापांत जुळतात, त्यामुळे ते एकमेकांवर बसतातही. पण शंकू पूर्ण टेकण्याऐवजी एका बारीक रेषेवर टेकतात आणि सांधा आज ना उद्या गळतो. एएन पद्धतीत फिटिंगवरचा आकडा नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागात सांगतो: ६ क्रमांक म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच, ८ क्रमांक म्हणजे अर्धा इंच. या पद्धतीत नटाखाली नळीला आधार देणारी बाही असते, ती विसरू नये. पातळ पोलादी नळीला ४५ अंशांत दुहेरी फ्लेअर करावी, कारण एकेरी फ्लेअरची कड चिरते.

नट नेहमी दोन पान्यांनी आवळावा. एका पान्याने समोरचे फिटिंग धरावे, दुसऱ्याने नट फिरवावा. नाहीतर नळीला पीळ बसतो. होजच्या टोकाचे फिटिंग आवळतानाही होज पिळला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. पिळलेला होज सुटायची धडपड करतो आणि त्यातच फिटिंग सैल होते.

नव्या मोटारीतून काढलेल्या इंजिनाबरोबर नायलॉनची नळी आणि क्विक कनेक्टर येतात. कनेक्टरसाठी बनवलेल्या टोकावर रबरी होज ढकलून क्लिप लावू नये; त्या टोकावरचा उठाव कनेक्टरच्या कुलपासाठी असतो. त्याऐवजी एका बाजूला कनेक्टर आणि दुसऱ्या बाजूला काटेरी टोक किंवा एएन फिटिंग असलेला अडॅप्टर वापरावा. बसवल्यावर कनेक्टर मागे ओढून पाहावा. कुलूप लागले असेल तर तो हलत नाही.

वाहिनीची मांडणी

चांगला सांधाही चुकीच्या जागी असेल तर टिकत नाही. धातूच्या नळीला साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरवर रबरी अस्तराची क्लिप हवी. सांध्यापासून आठ-दहा सेंटिमीटरच्या आत एक क्लिप असलीच पाहिजे, म्हणजे होजची हालचाल नळीपर्यंत पोचत नाही. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट घालावा. नळी चॅसीच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबू नये. खचलेल्या रस्त्यावर आधी तीच घासते.

लोटस सेव्हनच्या घाटाच्या मोटारीत शाफ्टच्या बोगद्यातून नळी नेण्याचा मोह होतो, कारण तीच सर्वांत सरळ वाट असते. पण युनिव्हर्सल जॉइंट तुटला तर शाफ्ट फटकारे मारत नळी तोडू शकतो. तिथून न्यायचीच झाली तर ती बोगद्याच्या कोपऱ्यात, धातूच्या आडोशामागे आणि अखंड असावी. बोगद्यात सांधा ठेवू नये. माणसे बसतात त्या जागेतही सांधा नको. एक्झॉस्टपासून वाहिनी शक्य तितकी दूर ठेवावी, आणि जागाच नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा घालावा. विजेची जाड वायर आणि पेट्रोलची नळी एकाच क्लिपमध्ये बांधू नये.

होजचे वळण मोकळे असावे. घट्ट वळणात तो आतून दबतो आणि पेट्रोल कमी पडते. अशा जागी रबराला जबरदस्तीने वाकवण्यापेक्षा धातूची नळी वाकवून सांधा सरळ रेषेत आणावा. आणि सगळ्यांत मोठी काटकसर सांध्यांच्या संख्येतच करावी. अखंड नळी शक्य असेल तिथे तुकडे जोडू नयेत.

ओढीची बाजू आणि दाबाची बाजू

पंपाच्या आधीची वाहिनी ओढीची, नंतरची दाबाची. दाबाच्या बाजूची गळती दिसते किंवा तिचा वास तरी येतो. ओढीच्या बाजूचा सैल सांधा मात्र बाहेर काहीच टाकत नाही. उलट तिथून हवा आत ओढली जाते. इंजिन चढावर दम टाकते, मध्येच बंद पडते, आणि दोष पंपावर किंवा कार्ब्युरेटरवर जातो. टाकीजवळचे सांधेही म्हणूनच पुढच्या सांध्यांइतकेच काळजीने करावेत.

उन्हाळ्यात ओढीच्या बाजूला आणखी एक त्रास होतो. ओढीने दाब कमी होतो, त्यात नळी तापलेली असेल तर पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप वाफ ढकलू शकत नाही आणि मोटार दुपारच्या उन्हात उभी राहते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात हे टाळायचे तर विजेचा पंप टाकीच्या जवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला बसवावा, म्हणजे लांबचा पल्ला दाबाखाली येतो. परतीची वाहिनी असेल तर तीही याच काळजीने जोडावी. तिच्यातला दाब कमी असला तरी तिच्यातून वाहते ते पेट्रोलच.

विजेच्या पंपाला रिले आणि धक्का बसताच प्रवाह तोडणारा स्विच हवा. अपघातात होज निसटला आणि पंप चालूच राहिला, तर तो टाकी रिकामी होईपर्यंत पेट्रोल आगीवर ओतत राहतो.

चाचणी

वाहिनी पूर्ण झाल्यावर इंजिन लगेच सुरू करू नये. मोटार मोकळ्या हवेत न्यावी, आग विझवण्याचे पावडरचे सिलिंडर हाताशी ठेवावे, टाकीत थोडेच पेट्रोल घालावे. इंजिन बंद ठेवून फक्त पंप चालू करावा आणि पूर्ण दाब आल्यावर प्रत्येक सांध्याभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. काही मिनिटांनी हीच तपासणी पुन्हा करावी. गळती आढळली तर पंप बंद करून, दाब उतरवून, बॅटरीची तार काढून मगच पाना लावावा.

त्यानंतर इंजिन सुरू करून पूर्ण तापू द्यावे, बंद करून निवू द्यावे आणि सगळे सांधे पुन्हा पाहावेत. पहिल्या तापण्या-निवण्यात रबर बसते आणि क्लिप किंचित सैल होते, म्हणून एकदा हलके आवळावे लागते. इंजिन चालू असताना हाताने डोलवून होज कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना, हेही पाहावे. मोटार थोडी चालवल्यानंतर हीच तपासणी पुन्हा करावी.

सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याची बाब निराळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ नुसार नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशा संस्था आहेत. नोंदणी नसलेली घरची मोटार खासगी जागेत किंवा स्पर्धेच्या मार्गावरच चालवता येते.

देखभाल

धातूची नळी दर वर्षी पावसाळ्यानंतर पाहावी: क्लिपखाली गंज आहे का, कुठे घासली आहे का, दगडाने चेपली आहे का. होज दर सहा महिन्यांनी बोटांनी दाबून पाहावा. कडक झालेला, चिरा पडलेला, फुगलेला किंवा हाताला चिकट लागणारा होज त्याच दिवशी बदलावा. तो बाहेरून चांगला दिसत असला तरी पाचेक वर्षांनी बदलणे शहाणपणाचे; ई-२० पेट्रोल आणि उष्ण हवा असेल तिथे त्याहूनही आधी. होज बदलताना क्लिपही नवीच लावावी आणि नळीच्या टोकावरचे कडे गंजलेले नाही याची खात्री करावी. मोटारीजवळ पेट्रोलचा वास आला, तर कारण सापडेपर्यंत ती चालवू नये आणि बंद खोलीत उभी करू नये.